फवारणीचं औषध थोडं थोडं अंगात गेलं तर सवय होते का?

पराटीवाला, आर्णी
पराटीवर (कपाशीवर) फवारा सुरू हाये. आमच्या सालदार काकाईले मास्क देल्ला, त्यायनं खुंटीले टांगून ठेवला. म्हणतात, "थोडं थोडं अंगात गेलं का अंग तयार होते. मले आता वासबी लागत नाई. लसीतबी जंतूच असते न?" मोठ्या माणसाले काय सांगू?

बांधावरचा
काका अगदीच चुकीचे नाहीत. बिब्याचं तेल लागलं तर फोड येतात, अन् त्याच बिब्याची गोडंबी आपण हिवाळ्यात लाडवात खातो.

निवृत्त सिस्टर, दारव्हा
भाऊ, गोडंबी हा आतला गर आहे. फोड आणणारं तेल टरफलात असतं.

लसीचं मात्र खरं आहे. सर्पदंशाचं औषधही तसंच बनतं: घोड्याला विष अगदी थोडं, मग वाढवत टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. पण सापाचं विष मुख्यतः प्रथिनांचं असतं, शरीर ते ओळखतं. मोनोक्रोटोफॉससारख्या फवारणीच्या औषधाविरुद्ध अशी प्रतिपिंडं बनत नाहीत. ते नसांच्या कामाला लागणारं कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतं, आणि ते भरून यायला कित्येक आठवडे जातात. आज थोडं घटलं, परवा आणखी थोडं. मग एक दिवस नेहमीएवढंच औषध अंगावर उडतं आणि माणूस वावरातच कोसळतो. वास येत नाही कारण नाक सरावलंय, एवढंच.

2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त माणसं गेली. त्या हंगामात मी ड्युटीवर होते. तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. काकांना हे सांगाच.

थोडं विष कामी येतं ते तिथे पाहिलं. अशा रुग्णाला अॅट्रोपिन देतात, धोतऱ्यात असतं तेच. पण डॉक्टर नाडी बघत, छाती ऐकत मात्रा ठरवतात. जास्त झालं की रुग्ण बरळायला लागतो. घरी कुणाला धोतरा उगाळून देऊ नका, हात जोडते.

पराटीवाला, आर्णी
ताई, काकाईले वाचून दाखवलं. गप बसून आयकलं. पण म्हणतात, दुपारी मास्कात जीव गुदमरते.

निवृत्त सिस्टर, दारव्हा
मग दुपारी फवारू नका, सकाळीच उरका. वाऱ्याच्या उलट तोंड करून चालू नये. नुसत्या मास्कवर भागत नाही, कातडीतूनही औषध पुष्कळ शिरतं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि घरी आल्याबरोबर साबणानं आंघोळ. मळमळ, लाळ, घाम सुरू झाला तर 108 ला फोन करा, आणि औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना नाव कळेल.