मदत हवी आहे: रोख मदतीने गरिबी घटते, पण विषमता?

नमस्कार मंडळी,

सामाजिक सुरक्षा योजनांवर लेख लिहिते आहे आणि एका मुद्द्यावर अडले आहे. थेट रोख मदतीने गरिबीची झळ कमी होते, हे मला पटलं आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' सुरू केली, ब्राझीलने २००३ मध्ये 'बोल्सा फामिलिया'. मुलं शाळेत जातील, आरोग्य तपासण्या होतील, या अटीवर पैसे मिळायचे आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हाती पडायचे. प्रोग्रेसाचा परिणाम तपासताना तर काही गावांना योजना आधी आणि काहींना नंतर दिली होती, त्यामुळे तुलना भक्कम आहे.

विषमतेचं मात्र उलगडत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९८ पासून बाल अनुदान आहे, ते लाखो मुलांपर्यंत पोचतं, तरीही तो देश जगातल्या सर्वाधिक विषम देशांत गणला जातो. मला वाटतं, अनुदान तळाचं उत्पन्न उचलतं, पण जमीन, संपत्ती आणि पगारातली दरी तशीच राहते. शिवाय योजनेचा पैसा वस्तूंवरच्या करातून आला, तर गरीबच त्याचा काही भाग भरतात!

तर प्रश्न असा: कर आणि अनुदान धरण्यापूर्वीचा व नंतरचा जिनी निर्देशांक (उत्पन्नातली विषमता मोजणारा आकडा) ताडून पाहणं पुरेसं आहे का? संपत्तीची विषमता वेगळी कशी मांडावी? आणि निकष लावून निवड केली की खरे गरजूच यादीबाहेर राहतात, ते या हिशेबात कसं धरायचं? कुणी यावर काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.