प्रायमरीत हरलेली पोरं पक्षाकडे पाठ फिरवतायत, कशी थांबवू?

कृष्णाकाठचा

मूळचा सांगलीचा, गेली २१ वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात. २०१४ साली नागरिक झालो. पुढे आमच्या प्रिसिंक्टमधून, म्हणजे एका मतदान केंद्राच्या वस्तीतून, डेमोक्रॅटिक पक्षाच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) सेंट्रल कमिटीवर गेलो. माझ्याविरुद्ध कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे बिनविरोध. आपल्याकडचा बूथप्रमुख असतो ना, साधारण तसंच काम.

तिकडच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इथे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो याची रात्रभर वाट बघायची नसते. पक्षाचे मतदारच प्रायमरीत मत देऊन उमेदवार ठरवतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण तिकिटाचं भांडण त्यामुळे घराघरात येतं, आणि या वेळी ते माझ्याच घरात आलं.

राज्याच्या विधानसभेची जागा. एकीकडे नगर परिषदेत १६ वर्षं काढलेले गृहस्थ, दुसरीकडे ३१ वर्षांची शाळाशिक्षिका. मी गृहस्थांच्या बाजूने होतो, कारण आमच्या वस्तीच्या ड्रेनेजसाठी ते स्वतः चिखलात उभे राहिलेले मी पाहिलेत. माझी २० वर्षांची लेक शिक्षिकेच्या प्रचारात. तिच्यासोबत कॉलेजची तीसचाळीस पोरं. थंडीत, पावसात दारं वाजवली त्यांनी. शिक्षिका २१२ मतांनी हरली.

निकालाच्या रात्री लेकीने छातीवरचा बिल्ला काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आम्ही सतरंज्या उचलायलाच होतो ना?" हा शब्द तिने माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेला. ते सांगलीत ३० वर्षं कार्यकर्ते होते. मला उत्तर देता आलं नाही.

आता आमच्या कमिटीतले जुने लोक म्हणतात, ही पोरं पक्षाची नव्हतीच, एका बाईसाठी आली होती. पोरं म्हणतात, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीला आम्ही घरी बसणार. कमिटीने सगळ्यांना 'आता एक होऊया' अशी ईमेल पाठवली. ३८ जणांना गेली, उत्तर दोघांचं आलं. मी काय करू? राग निवू द्यावा, की आत्ताच जाऊन भेटावं? कुणी अशातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रंकाळा

एक शंका. तिकडे हरलेला उमेदवार बंडखोरी करून अपक्ष उभा राहत नाही का? आमच्याकडे पहिला प्रश्न तोच असतो, आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मनधरणी चालते.

एडिसनकर

@रंकाळा, बहुतेक राज्यांत कायदाच आडवा येतो. प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत वेगळं उभं राहता येत नाही. कनेटिकटमध्ये मात्र २००६ साली जो लिबरमन सिनेटची प्रायमरी नेड लॅमाँटकडून हरले आणि नोव्हेंबरला वेगळे उभे राहून निवडून आले. तेच लिबरमन २००० साली याच पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते.

@कृष्णाकाठचा, मी २६ वर्षांचा आहे, वाढलो इथेच, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या. काका, तुमची मुलगी जे म्हणाली ते मी दहा वेळा म्हटलंय. आमच्याकडे न्यू जर्सीत 'लाइन' नावाची भानगड होती. २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाच्या पसंतीचे सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच रांगेत छापायचे आणि बाकीच्यांना कुठेतरी कोपऱ्यात. ती मोडली खासदार अँडी किम यांनी कोर्टात जाऊन, मार्च २०२४ मध्ये. पण आम्ही पोरांनी एक साधं काम केलं. काउंटी कमिटीच्या कितीतरी जागा रिकाम्याच पडून असतात, त्यांवर उभे राहिलो. मी माझ्या गल्लीत १० सह्या गोळा केल्या, सात सह्या आईच्या भिशीतल्या मावश्यांच्या. तुमच्या कमिटीत रिकाम्या जागा किती आहेत ते आधी मोजा. पोरांना 'युवा आघाडी' देऊ नका. मत असलेली खुर्ची द्या.

मक्याचं रान

कृष्णाकाठचे भाऊ, मी आयोवात २००१ पासून आहे. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून आत्ता पहाटे लिहितेय. मी दोन्ही बाजूंनी गेलेय. एकदा हरलेली होते, एकदा जिंकलेली. जिंकले तेव्हा मी चुकले, म्हणून तेच जास्त लिहिणार आहे.

२००७ साली नागरिक झाले आणि ३ जानेवारी २००८ ला माझी पहिली कॉकस, म्हणजे प्रायमरीऐवजी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची सभा. आमच्याकडे तेव्हा मतपेटी नसायची. संध्याकाळी सातला शाळेच्या जेवणघरात जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या शेजाऱ्यांदेखत. मी हिलरी क्लिंटन यांच्या कोपऱ्यात. राज्यात त्या तिसऱ्या आल्या, ओबामा पहिले. २००४ च्या जवळपास दुप्पट लोक आले होते त्या रात्री, आणि ओबामांच्या कोपऱ्यात शाळकरी पोरं. नोव्हेंबरपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर १७ व्या वर्षीही येता येतं. ती उड्या मारत होती आणि माझ्या शेजारी एक ८० वर्षांची बाई कोटाची बटणं लावत रडत होती. तिला बाईला राष्ट्राध्यक्ष झालेलं बघायचं होतं. त्या पोरांचा मला इतका राग आला होता की काय सांगू.

७ जूनला क्लिंटन यांनी माघार घेतली. त्याच महिन्यात न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावी दोघांची एकत्र सभा झाली. त्या गावात प्रायमरीत दोघांना १०७-१०७ मतं पडली होती. टीव्हीवर ते पाहून माझं मन काडीचंही बदललं नाही. बदललं ते एका पोरामुळे. ओबामांचा फील्ड ऑर्गनायझर, म्हणजे वस्तीत फिरून कार्यकर्ते जमवणारा, २२ वर्षांचा, परराज्यातून आलेला. एका दुपारी दारात उभा. मला वाटलं, आता फोन करायला या म्हणणार. त्याने विचारलं, "तुमच्याकडे ४३ बायकांची वही आहे असं ऐकलं. मला ती समजावून सांगाल का?"

खरंच होती माझी वही. प्रत्येक बाईपुढे मी मराठीत नोंदी केल्या होत्या: 'कुत्रं आहे, मागच्या दाराने जा.' 'नवऱ्यासमोर बोलत नाही, गुरुवारी लायब्ररीत भेटते.' 'मुलगा इराकमध्ये, त्याच्याविषयी आधी विचार.' दोन तास बसला. पोहे खाल्ले. एकेक नोंद मी इंग्रजीत सांगत गेले, तो लिहून घेत गेला, आणि उठताना म्हणाला की या ४३ जणींकडे तुमच्याशिवाय कुणी जाणार नाही, आमचा माणूस पाठवणार नाही. त्याने शब्द पाळला. मी नोव्हेंबरपर्यंत राबले.

आता २०१६. १ फेब्रुवारीची रात्र. या वेळी मी क्लिंटन यांची प्रिसिंक्ट कॅप्टन, समोर बर्नी सँडर्स यांची पोरं. राज्यात निकाल आमचे ४९.८ विरुद्ध त्यांचे ४९.६ टक्के, आणि दारावरच्या पाहणीत तिशीच्या आतले ८४ टक्के सँडर्सकडे. म्हणजे आमचा पक्ष वयावरून उभा चिरला गेला होता. आमच्या खोलीत २१४ माणसं. पंधरा टक्के नसतील तो गट बाद, म्हणजे ३३ डोकी हवीत. तिसरे उमेदवार ओमॅली, त्यांच्याकडे १९. ते मोडले, इकडेतिकडे गेले. शेवटी सँडर्स ११३, आम्ही १०१. आमच्या प्रिसिंक्टला काउंटी अधिवेशनाचे सहा प्रतिनिधी. ११३ गुणिले ६ भागिले २१४ म्हणजे ३.१७. आमचे २.८३. दोन्हीकडे तीन-तीन!

बारा माणसं जास्त असून बरोबरी. एक १९ वर्षांचा मुलगा माझ्यासमोर येऊन म्हणाला, "हे कसं काय?" त्याच्या हातात क्लिपबोर्ड होता. मी कागदाच्या पाठीवर गणित करून दाखवलं. गणित बरोबर होतं, नियमही आधीपासूनचा होता. पण माझ्या चेहऱ्यावरचा आनंद मला लपवता आला नाही, आणि त्याने तो पाहिला.

गणती झाली की निम्मी खोली घरी जाते. खरं कामकाज त्यानंतर असतं: प्रतिनिधी निवडणं, ठराव मांडणं, आणि प्रिसिंक्टचे दोन कमिटी सदस्य निवडणं. मी ते त्या पोरांना सांगू शकले असते. "थांबा, अजून अर्धा तास, यातली एक जागा तुमची." नाही सांगितलं. दोन्ही जागा आमच्याच लोकांनी घेतल्या.

जुलैत पक्षाच्या ईमेल्स फुटल्या, फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाच्या तोंडावर पक्षाध्यक्षांना जावं लागलं. आपल्याला डावललं जातंय हा पोरांचा संशय आणखी पक्का झाला. तरी ऑगस्टमध्ये त्यातली तिघं आमच्या बैठकीला आली. स्वतःहून आली हो. आणि एकाने परत त्या तीन-तीन प्रतिनिधींचा विषय काढला तेव्हा मी म्हणाले, "झालं ते झालं, आता कामाला लागा, नाहीतर तो दुसरा निवडून येईल." तिघंही बैठक संपायच्या आत उठून गेली. क्लिपबोर्ड खुर्चीवर तसाच.

ऑक्टोबरात कपाट आवरताना तो सापडला. मी पहिल्यांदा त्याचे कागद वाचले. पेन्सिलने बारीक अक्षरात: 'तिसरा मजला, रात्रपाळी, चारनंतर या.' 'आजीला ऐकू येत नाही, पाटीवर लिहून दाखवा.' 'इथे कधीच कुणी आलं नाही म्हणतात.' शहराच्या टोकाची ती भाड्याची घरं. आमच्यापैकी कुणी तिथे कधी गेलं नव्हतं. माझ्याच वहीसारखी वही होती ती, भाऊ. मी त्याला एकदाही विचारलं नाही.

२००८ मध्ये सुमारे साडेनऊ टक्क्यांनी जिंकलेलं राज्य २०१६ मध्ये सुमारे साडेनऊ टक्क्यांनी गेलं. माझ्या तीन पोरांमुळे गेलं असं मी म्हणत नाही, कारणं पुष्कळ होती. पण त्या तिसऱ्या मजल्यावर नोव्हेंबरात कुणी गेलं नाही, आणि त्याला मी जबाबदार आहे.

म्हणून सांगते, राग निवायची वाट बघू नका. जिंकलेल्या बाजूचे तुम्ही आहात, तुम्हीच जायचं. ईमेल नाही, फोन नाही, जायचं. आणि एकी हा शब्द पहिल्या भेटीत उच्चारू नका. लेकीलाही मध्यस्थ करू नका, तिची कुचंबणा होईल. पोरं नियमांबद्दल तक्रार करतील, ती नीट लिहून घ्या, कारण त्यातून कधीकधी खरंच काही होतं. सुपरडेलिगेटांवरून, म्हणजे पदामुळे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडायचं मत आपोआप मिळणाऱ्या पुढाऱ्यांवरून, सँडर्सच्या लोकांनी आरडाओरड केली, तेव्हा आम्ही त्यांना हसलो होतो. २०१८ साली पक्षाने नियम बदलला आणि पहिल्या फेरीत त्यांचं मत काढून घेतलं.

जाता जाता: त्या पोरांत एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्या घरातली कुणी असतील तर त्यांना दारं वाजवायला, फोन करायला विनामोबदला जरूर घ्या, पण मतदार नोंदणीचा फॉर्म नागरिक नसलेल्याच्या हातात चुकूनही देऊ नका. सही झाली तर त्याचं इथलं सगळं आयुष्य पणाला लागतं.

कृष्णाकाठचा

ताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. लेक जिन्यात उभी राहून ऐकत होती हे नंतर कळलं.

एडिसनकर, तू सांगितलंस तसं मोजलं. आमच्या कमिटीत १४ जागा रिकाम्या आहेत. इतकी वर्षं तिथे बसतो, कधी मोजल्या नव्हत्या. पुढच्या बैठकीत त्या भरण्याचा विषय मांडतोय. विरोध होणार, त्याची तयारी आहे.

ताई, एकच विचारतो. ३८ पोरं आहेत. पहिल्यांदा कुणाकडे जाऊ? त्यांचा जो पुढारी आहे, सगळ्यांत जास्त बोलतो, त्याच्याकडे?

मक्याचं रान

नाही भाऊ. लेकीला फक्त एवढं विचारा, दारं वाजवताना कागदाच्या कडेला सगळ्यांत जास्त कोण लिहीत बसायचं? त्या पोराकडे किंवा पोरीकडे जा. कागद दाखव म्हणा, आणि वाचून झाले की त्यांचे त्यांना परत द्या.

आणि संध्याकाळी सहानंतर जा, कॉलेजची पोरं दुपारी कामाला असतात.