मदत हवी आहे: मॉडिफाय केलेल्या जुन्या सॅन स्टॉर्मचा विमा – नुसता थर्ड पार्टी की कॉम्प्रिहेन्सिव्ह?

कोलशेतकर:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००१ ची सॅन स्टॉर्म आहे. नाव ऐकलं नसेल तर नवल नाही. रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या बंगळुरूच्या सॅनने काढलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. फायबरग्लासची बॉडी, आत रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. सिग्नलला थांबलो की रिक्षावाले हमखास विचारतात, "साहेब, बाहेरून मागवली का?" मीही मान डोलावतो.

गेल्या दिवाळीत नेरुळच्या एका काकांकडून घेतली. आरसी माझ्या नावावर झाली आहे, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरणही झालेलं आहे. काकांच्या मुलाने तिच्यावर बरेच हात चालवलेत. मूळ पिवळा रंग जाऊन गडद निळा आला (आरसीवर अजून पिवळाच), १५ इंची अलॉय आणि रुंद टायर, कापलेल्या स्प्रिंगा, फ्री-फ्लो सायलेन्सर, बकेट सीट, मागे ॲम्प्लिफायर. माझे स्वतःचे सव्वादोन लाख फ्लोअर, ब्रेक, वायरिंग आणि नव्या टपात गेले. बहुतेक बिलं जपून ठेवली आहेत.

पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय. सध्याची कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे (समोरच्याचं आणि आपल्या गाडीचंही नुकसान धरणारी), आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ६२,०००, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) ५० टक्के. एजंट म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीला यापेक्षा जास्त मिळत नाही, त्यापेक्षा नुसता थर्ड पार्टी (फक्त समोरच्याच्या नुकसानीचा) घ्या. ऑनलाइन बघावं तर यादीत हे मॉडेलच नाही. दुसऱ्या एजंटने सांगितलं, "बदलांचं काही बोलूच नका, फोटो असे काढू की काही दिसणार नाही." ते ऐकून उलट जास्त घाबरलो.

गाडी फक्त रविवारी पहाटे निघते, गायमुखपर्यंत जाऊन परत. पावसाळ्यात झाकून ठेवतो. पार्किंग सोसायटीत, उघड्यावर. आयडीव्ही वाढवून मिळतो का, बदल सांगावेत की नाही आणि कॉम्प्रिहेन्सिव्हचे पैसे वसूल होतात का, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाच_पाखाडी:

स्पोर्ट्स कार म्हणताय खरं, पण साठ घोड्यांची आहे ना ती? 😄 हलकेच घ्या. गाडी मात्र देखणी. फोटो टाका.

तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.

तीन_हात_नाका:

विंटेज म्हणून नोंदवून टाका. विम्यात सवलत मिळते असं ऐकलंय.

घसारा:

@तीन_हात_नाका, नाही हो. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवायला गाडी पन्नास वर्षांवरची हवी, तीही मूळ रूपात. थर्ड पार्टीच्या हप्त्यातली सवलतही विंटेज म्हणून नोंदलेल्या गाड्यांनाच. ही गाडी त्यात बसत नाही.

कोलशेतकर, मी काही वर्षं मोटार सर्व्हेअर (विम्यासाठी गाडीचं नुकसान मोजणारी) म्हणून काम केलं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुम्ही भलत्याच टोकापासून सुरुवात केली आहे. आधी एनसीबी बघा. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी घेऊन तुम्हाला वर्षही झालं नाही आणि पॉलिसीत ५० टक्के दिसतोय, म्हणजे तो काकांचा आहे. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो आणि तेव्हाच एनसीबीच्या फरकाची रक्कम भरून घेतात. ती भरली नसेल तर आज क्लेम आला की कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. हे आजच्या आज विचारा, नूतनीकरणाची वाट बघू नका.

आता आयडीव्ही. घसाऱ्याचा ठरलेला तक्ता फक्त पाच वर्षांपर्यंतचा आहे. त्यापुढे आकडा विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरतो. म्हणजे "यापेक्षा जास्त मिळत नाही" हा नियम नव्हे, एजंटचा कंटाळा आहे. मान्यताप्राप्त सर्व्हेअरकडून मूल्यांकन अहवाल घ्या, बिलं आणि चारही बाजूंचे फोटो जोडा आणि शाखेत प्रत्यक्ष जा. ऑनलाइन यादीत नसलेल्या गाडीचा विमा शाखेतच होतो.

६२,००० वर का अडू नये, ते सांगते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. तुमच्या बाबतीत ती रेषा ४६,५०० वर येते. फायबरचा पुढचा भाग फुटला, रेडिएटर गेला, रंग आला, की संपलं. हातात ६२,००० वजा कपात, आणि गाडी भंगारात. सव्वादोन लाखांचं काम त्यात दिसणारच नाही.

कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतली तरी पूर्ण पैसे मिळतील असं समजू नका. फायबरग्लासवर ३० टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवर ५०, दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५०. काचेवर काही नाही. शिवाय दर क्लेमला सक्तीचे १००० रुपये तुमचे. झीरो डेप (घसारा न कापणारं कवच) या वयाच्या गाडीला कोणी देईल, ही आशा सोडा.

बदलांबद्दल: सांगायचेच. ॲम्प्लिफायरसारख्या विजेच्या ॲक्सेसरीची किंमत वेगळी दाखवली की तिच्यावर साधारण ४ टक्के हप्ता लागतो. अलॉय आणि सीटही किमतीसकट लिहून घ्या. न लिहिलेली वस्तू सर्व्हेअरच्या लेखी गाडीत नसतेच. पण रंग, स्प्रिंगा आणि सायलेन्सर हा विम्याचा नाही, आरटीओचा विषय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी मूळ रचनेपासून बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. रंग आरसीवर चढवता येतो. कापलेल्या स्प्रिंगा मात्र काढाच. विमा राहू द्या, वळणावर गाडी सोडून देतात त्या.

पाच_पाखाडी:

घसारा ताई, नाव अगदी शोभतं तुम्हाला. साष्टांग.

कोलशेतकर:

घसारा ताई, मनापासून आभार. एनसीबीचं डोक्यातच नव्हतं. एजंटला फोन केला तर म्हणाला, "ते चालतं हो." आता त्याच्याकडून लेखी मागितलंय, तेव्हापासून फोन उचलत नाहीये.

एक शंका. नुसता थर्ड पार्टी घेतला आणि बाकी जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली तर? या सीसीला ३,४१६ रुपये आहेत, तेवढं सहज परवडतं.

घसारा:

हो, १००० ते १५०० सीसीचा २०२२ साली ठरलेला दर तोच. वर जीएसटी आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. आयडीव्ही ६२,००० वरच राहणार असेल तर मीही हेच सुचवीन. उगाच वरचे पैसे कशाला द्यायचे? पण अडीच लाख मान्य झाले तर ओन-डॅमेजचा (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे पावणेनऊ हजारांपर्यंत. उघड्या पार्किंगमधल्या कापडी टपाच्या गाडीला मी ते देईन, चोरी आणि आगीसाठीच. थर्ड पार्टीला जोडून फक्त आग-चोरीचं कवच असाही एक प्रकार आहे. फार कमी ठिकाणी विकतात, पण शाखेत विचारून बघा.

आणि थर्ड पार्टीत बदल लपले तरी चालतात असं नाही. समोरच्याला भरपाई कंपनी देते, पण अटीचा भंग सिद्ध झाला तर तीच रक्कम नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. तुमचा आकडा किती येईल याला तिथे मर्यादा नसते.

वंदना_स्टॉप:

पावसाळ्यात झाकून ठेवता ते उत्तम. माझी जुनी सेडान दोन वर्षांपूर्वी वंदना टॉकीजपाशी पाण्यात बंद पडली. मी शहाण्याने पुन्हा सेल्फ मारला. पाणी इंजिनात, कनेक्टिंग रॉड वाकडा. कंपनीने साफसफाईचे पैसे दिले, इंजिनाचे नाही, कारण पाण्यात चालू करणं ही माझी चूक. तुमची तर खाली बसवलेली आहे. बंद पडली तर हात लावू नका, ढकला.

कोलशेतकर (आठ दिवसांनी):

धागा वर काढतोय.

जुनी पॉलिसी माझ्या नावावर झालेलीच नव्हती. एनसीबीचा फरक भरून ती करून घेतली. मूल्यांकन अहवाल २,१०,००० चा आला. सर्व्हेअरने स्प्रिंगांचा वेगळा फोटो काढून खाली लाल पेनाने खूण केली. तीन शाखा फिरलो. एका ठिकाणी नाव ऐकूनच नाही म्हणाले, दुसरीकडे "सॅन म्हणजे सँट्रो का?" तिसरीकडच्या बाईंनी सगळी कागदपत्रं ठेवून घेतली. १,८०,००० ला तयार आहेत, पण अट अशी की आरसीवर निळा रंग चढलेला हवा आणि तपासणीच्या दिवशी गाडीवर मूळ स्प्रिंगा आणि मूळ सायलेन्सर हवा. रंगाचा अर्ज टाकलाय. त्याआधी पॉलिसी संपली तरी एनसीबी ९० दिवस टिकतो, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या नशिबी तो शून्यच आहे, तो भाग वेगळा. तोवर गाडी जागेवरून हलणार नाही.

स्प्रिंगा कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधून झाल्या, जुळत नाहीत. काकांना फोन केला तर म्हणाले, मुलाने मूळ सामान फेकलं नाही, माळ्यावर कुठेतरी असेल. रविवारी नेरुळला जातोय. शिडी माझीच घेऊन ये म्हणालेत.