शब्दचर्चा : 'तीच' गाडी की 'तशीच' गाडी? आणि 'लक्झरी'ला मराठीत काय म्हणायचं?

परसबाग

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी गाड्यांवर लेख लिहितेय आणि एका वाक्यापाशी चार दिवस अडकले आहे. वाक्य असं: "महागडी लक्झरी गाडी आणि तिच्याच प्लॅटफॉर्मवरची साधी गाडी यांत खरंच फरक असतो का?"

लेख आमच्या संभाजीनगरच्या उदाहरणावर बेतलाय. शेंद्रा एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात २०२२ साली फोक्सवॅगनची टिग्वान, स्कोडाची कोडिअ‍ॅक आणि ऑडीची क्यू३ अशा तीन गाड्या जोडल्या जात होत्या. तिन्हींचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडी ज्या सामायिक पायावर घडवतात तो, फोक्सवॅगन समूहाचा एमक्यूबी. तिन्हींना २.० लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० पीएस ताकद आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), चारही चाकांना ताकद. बाजारात आल्या तेव्हा एक्स-शोरूम किंमत टिग्वानची ३१.९९ लाख, कोडिअ‍ॅकची ३४.९९ लाखांपासून पुढे आणि क्यू३ची ४४.८९ लाखांपासून पुढे. टिग्वान आणि क्यू३ यांच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही जवळपास सारखं, २६८० मिलिमीटरच्या आसपास.

माझे दीर हे ऐकून एका दमात म्हणाले, "म्हणजे तीच गाडी. वरचा पत्रा तेवढा वेगळा." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे सांगायला शब्द सापडेना. 'प्लॅटफॉर्म' म्हटलं की वाचकाला फलाट दिसतो. 'लक्झरी' म्हटलं की भलतंच काही दिसतं. आणि 'फरक असतो का' हा प्रश्नच मला ढिला वाटतोय. मदत करा.

आख_आणि_आरे

'लक्झरी'पासून सुरुवात करतो, कारण या शब्दाचं मराठीत फार आधीच बारसं झालंय. आमच्या गावात "लक्झरीने आलो" म्हणजे रात्रीच्या खासगी बसने आलो. पेपरवाले तिलाच 'आरामबस' लिहितात. एसटीने तर सेमी-लक्झरीसाठी 'निमआराम' हा सुरेख शब्द घडवला आणि तो पाटीवर लिहून गावोगाव फिरवला. हिरवी-पांढरी हिरकणी ती निमआराम. लोक तिला १९८२च्या आशियाई स्पर्धांच्या आठवणीने 'एशियाड' म्हणत राहिले, पण पाटीवर निमआरामच. म्हणजे एसटीच्या लेखी लक्झरी म्हणजे आराम. पाठ टेकते का, पाय लांब होतात का, झोप लागते का.

मोटारीच्या जाहिरातीत मात्र 'आलिशान' येतं. हा शब्द मुळात अरबी-फारसीतून आलेला, 'आली' म्हणजे उच्च आणि 'शान' म्हणजे दर्जा, प्रतिष्ठा. यात आरामाचा संबंधच नाही. आलिशान वाड्यातली बैठक पाठीला टोचणारी असू शकते, तरी वाडा आलिशानच राहतो.

इंग्रजी 'लक्झरी'ने हे दोन्ही अर्थ एका पिशवीत कोंबलेत. मराठीत ते आधीपासून वेगळे आहेत, ते वेगळेच ठेवा. तुमच्या क्यू३मध्ये टिग्वानपेक्षा आराम किती जास्त आणि शान किती जास्त, असे दोन प्रश्न विचारलेत की दोन वेगळी उत्तरं येतील.

कळफलक

तिसराही अर्थ आहे. कराच्या बातम्यांत 'चैनीच्या वस्तू' असतं. तिथे आराम नाही, शानही नाही. 'हे नसतं तरी चाललं असतं' एवढाच भाव आहे.

पाना_पक्कड

वीस वर्षं गॅरेज चालवतोय, म्हणून प्लॅटफॉर्मबद्दल बोलतो.

आमच्या तोंडी शब्द 'चासी'. ट्रकला, बोलेरोला, फॉर्च्युनरला खरी चासी असते. खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, वर बॉडी. बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टा यांची चौकट एकाच घराण्यातली आहे, आणि गाडी लिफ्टवर घेतली की ते डोळ्यांना दिसतं. टिग्वान, क्यू३ यांना अशी सुटी चासी नाहीच. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. आरसीवर 'चेसिस नंबर' असतो, पण तो बॉडीवरच ठोकलेला असतो. त्यामुळे "चासी एक, बॉडी वेगळी" हे वाक्य या गाड्यांना लावलंत तर ते चूक होईल.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. या कंपन्यांच्या गाड्यांत फिल्टर, सेन्सर, ब्रेकचे कितीतरी सुटे भाग एकाच पार्ट नंबरचे निघतात. एकाच भागावर दोन कंपन्यांची चिन्हं कोरलेली मी रोज बघतो. पण गिऱ्हाईक गाडीत बसून जे अनुभवतं, ते बरंचसं पार्ट नंबरच्या पलीकडचं असतं. दाराची रबरी बिडिंग एकपदरी की दुहेरी, फ्लोअरखाली आवाज मारणारी शीट किती जाड, काच साधी की मधे पातळ थर घातलेली, शॉकअप कसा बसवलाय, सस्पेन्शनचे रबरी बुश किती मऊ. यातलं काहीच ब्रोशरच्या पहिल्या पानावर नसतं. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर टायरची जी घरघर येते, ती दोन गाड्यांत वेगळी ऐकू येते ती याच गोष्टींमुळे. आणि हे सगळं करायला पैसे लागतात, ते उगाच लावलेले नसतात.

घाटरस्ता

प्लॅटफॉर्मला माझा शब्द : जोतं.

कोकणातला आहे म्हणून पहिला तोच सुचला. घराचं जोतं एकदा बांधलं की घराची रुंदी ठरते, तोंड कुठे ते ठरतं, उंबरा किती वर येणार ते ठरतं. पण त्यावर सागवानी माडीचं घर उभं राहील की मातीच्या भिंतींचं, कौलं येतील की गवत, हे जोतं सांगत नाही. गडांवर वाड्यांची नुसती जोती उरलेली दिसतात. ती पाहून वाडा केवढा होता ते कळतं, कसा होता ते कळत नाही. 'एकाच जोत्यावरच्या दोन गाड्या' म्हणून बघा, वाचकाला लगेच चित्र दिसेल.

पाना_पक्कड

शब्द झकास आहे. पण जोतं लांबवता येत नाही, आणि एमक्यूबी लांबतो. कोडिअ‍ॅकच्या चाकांतलं अंतर २७९१ मिलिमीटर आहे, टिग्वानपेक्षा शंभराहून जास्त. मूळ जर्मन नावच 'मॉड्यूलारेर क्वेअरबाऊकास्टेन'. 'क्वेअर' म्हणजे आडवं, इथे आडवं बसवलेलं इंजिन, आणि 'बाऊकास्टेन' म्हणजे जोडखेळाची पेटी. पक्कं ठरलेलं माप मुख्यतः एक, पुढच्या आखापासून पायाखालच्या पेडलपर्यंतचं. बाकी लांबी, रुंदी, मागचा भाग गाडीगणिक बदलतो. म्हणून आमच्या पोलोच्या आकारापासून अमेरिकेतल्या अ‍ॅटलाससारख्या सात आसनी धुडापर्यंत हा एकच शब्द पुरतो. पूर्वीचा प्लॅटफॉर्म जोत्यासारखा होता. आताचा तसा राहिलेला नाही.

चारसहाची_शिफ्ट

पिंपरीहून. इथे हा वाद २०१९पासून रोज चहाच्या टपरीवर चालतो, कारण टाटांची हॅरिअर आली ती "लँड रोव्हरची गाडी" म्हणूनच लोकांच्या तोंडी बसली.

खरं काय ते सांगतो. टाटांनी आपल्या प्लॅटफॉर्मला 'ओमेगा आर्क' नाव दिलं आणि तो लँड रोव्हरच्या डी८ मधून काढलाय असं स्वतःच सांगितलं. डी८ म्हणजे डिस्कव्हरी स्पोर्टचा. चाकांतलं अंतर दोन्हींचं तंतोतंत २७४१ मिलिमीटर. योग असा की डिस्कव्हरी स्पोर्टची जोडणीही इथेच, पिंपरी-चिंचवडात चिखलीला होते. मग तीच गाडी?

नाही. मागचं सस्पेन्शन बघा. डिस्कव्हरी स्पोर्टला मागे स्वतंत्र, अनेक दांड्यांचं. हॅरिअरला मागची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारं ट्विस्ट ब्लेड आणि आडवा पॅनहार्ड रॉड. लँड रोव्हर चारही चाकांवर चालते, डिझेल हॅरिअर पुढच्या दोन. इंजिन फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं, 'क्रायोटेक' नावाने, आपल्या रांजणगावात बनलेलं. किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी महागडं साहित्य आणि जोडण्या बदलल्या, आणि ते बदलणं हे मोठंच काम आहे. इंजिनिअर पोरांनी त्यावर वर्षं घातलीत. "लँड रोव्हरच आहे" म्हटलं की कौतुक केल्यासारखं वाटतं, पण त्यात या पोरांची मेहनत पुसली जाते. "लँड रोव्हरची स्वस्त नक्कल" म्हटलं तरी पुसलीच जाते. मला दोन्हींचा राग येतो.

भाषेचा मुद्दा असा की सगळा घोळ त्या 'च'चा आहे. 'तीच गाडी' म्हणजे दुसरी नव्हेच. 'तशीच गाडी' म्हणजे दुसरी आहे, पण सारखी. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा यांना मी बिनदिक्कत 'तीच' म्हणतो. चिन्ह, जाळी, थोडंफार इकडचं तिकडे. टिग्वान-क्यू३ला 'तशीच' म्हणायला हरकत नाही. हॅरिअर-डिस्कव्हरीला 'तशीच'सुद्धा म्हणवत नाही.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्याकडे लेक्सस ईएस आहे. लेक्सस म्हणजे टोयोटाचाच महागडा ब्रँड, आणि कॅम्री ही टोयोटाची साधी गाडी. घरी येणारा प्रत्येक जण "कॅम्रीला जास्त पैसे दिलेत" म्हणून जातो. म्हणून या धाग्यात राहवलं नाही.

१९८९मध्ये लेक्सस सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या ईएस २५०ला तसं म्हणणं रास्त होतं. एलएस ४०० नव्याने घडवलेली होती, पण शोरूममध्ये दुसरी गाडी हवी म्हणून कॅम्रीवरूनच ईएस उभी केली. त्याच्या आधीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅडिलॅकची सिमरॉन. जनरल मोटर्सच्याच साध्या शेव्हरोले कॅव्हेलिअरच्या घडणीवर १९८१मध्ये आणली, लोकांनी ओळखली आणि १९८८मध्ये बंद झाली. इथे अजून ते नाव शिवीसारखं वापरतात.

पण २०१९च्या मॉडेलपासूनच्या ईएसची गोष्ट निराळी आहे. हिच्या चाकांतलं अंतर २८७० मिलिमीटर, तेव्हाच्या कॅम्रीचं २८२५. म्हणजे हिची सख्खी बहीण कॅम्री नव्हे, टोयोटाचीच अ‍ॅव्हलॉन! तिचंही २८७०. अ‍ॅव्हलॉन भारतात नव्हती आणि इथेही २०२२नंतर बंद झाली, म्हणून ते नातं कुणाच्या लक्षात येत नाही. तीनही गाड्या एकेकाळी केंटकीच्या जॉर्जटाऊनमध्ये एकाच आवारात बनत. भारतात तर ईएसची आणि कॅम्रीची जोडणी बेंगळुरूजवळच्या बिडदीलाच झालीय.

तर माझी सूचना : 'प्लॅटफॉर्म-भावंडं' असा सरसकट शब्द कशाला? इंग्रजीत 'सिब्लिंग' म्हणून थांबावं लागतं, आपल्याला लागत नाही. ग्लान्झा-बलेनो जुळी. ईएस-अ‍ॅव्हलॉन सख्ख्या. ईएस-कॅम्री चुलत. हॅरिअर आणि डिस्कव्हरी स्पोर्टमध्ये फक्त भाऊबंदकी, आडनाव कुठेतरी मागे मिळतं एवढंच.

चारसहाची_शिफ्ट

ताई, बाकी सगळं मान्य, 'भाऊबंदकी' नको. भाऊबंदकी म्हटलं की बांधावरचं भांडण डोळ्यांपुढे येतं. 'भावकी' म्हणा.

दूरदेशी

'भावकी' जास्त बरोबर. मान्य.

शब्दखूण

मूळ प्रश्नातल्या 'फरक'कडे कुणी वळलं नाही. मला सगळी गोम तिथेच वाटते. मराठीत फरक असतो, फरक कळतो आणि फरक पडतो. तिन्ही वेगळं आहे.

क्यू३ आणि टिग्वानमध्ये फरक आहे, हे पाना_पक्कड यांनी सांगितलं. तो कळतो का? पुढच्या सीटवर बसून दार लावलं की त्या आवाजात कळतो. मागच्या सीटवर डुलकी घेणाऱ्याला कळेलच असं नाही. फरक पडतो का, हा मात्र गाडीबद्दलचा प्रश्नच नाही, तो माणसाबद्दलचा आहे. 'पडणे' क्रियापदाला 'कुणाला' हवं असतं. "मला फरक पडतो", "आईला फरक पडतो". माझ्या वडिलांची कंबर गेलेली आहे. मऊ बुश आणि नीट घडवलेली सीट यांनी त्यांना पडणारा फरक मी प्रवासात पाहिलाय, पुण्याहून नगरपर्यंत. तिथे आरामाचे जास्तीचे पैसे मला खटकले नाहीत, आणि बॉनेटवर कुठलं चिन्ह होतं हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

तेव्हा परसबाग, "फरक असतो का" मध्ये 'कुणाला' घाला आणि क्रियापद बदला. वाक्याचा ढिलेपणा जाईल.

आणि प्लॅटफॉर्मसाठी नाम शोधत बसू नका. क्रियापद तुम्ही स्वतःच पहिल्या पोस्टमध्ये वापरलंय : "लेख संभाजीनगरच्या उदाहरणावर बेतलाय". बेतणे हा शिंप्याचा शब्द. कापड मापाने आखून कापणं. सत्य घटनेवर बेतलेलं नाटक म्हणजे ती घटना नव्हे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. 'एकाच प्लॅटफॉर्मवरच्या गाड्या' म्हटलं की दोन्ही एका फळीवर ठेवल्यासारख्या वाटतात. 'एकाच मापावर बेतलेल्या गाड्या' म्हटलं की कात्री कुणाची, कापड कुठलं, अस्तर कसलं, हे प्रश्न आपोआप येतात. आणि पाना_पक्कड म्हणतात ते लांबवणंही यात बसतं. शिंपी माप वाढवतोच की.

पाना_पक्कड

अस्तर! बिडिंग, शीट, काच हे सगळं अस्तरच आहे. बाहेरून दिसत नाही, अंगाला लागतं.

परसबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं झालंय :

"क्यू३ आणि टिग्वान एकाच मापावर बेतलेल्या. आतलं अस्तर निराळं. त्या अस्तराचा आराम आणि त्या चिन्हाची शान यांपैकी कशाने तुम्हाला फरक पडतो?"

'आलिशान' शीर्षकात ठेवतेय, मजकुरात 'आराम'. जोतं काढायला जिवावर आलं, म्हणून ते जुन्या पद्धतीच्या प्लॅटफॉर्मविषयीच्या परिच्छेदात ठेवलंय. अंक विदर्भातही जातो. तिकडच्या वाचकांना 'बेतलेली' लगेच कळेल का, हे कुणी सांगाल?

संत्रीबाग

वर्ध्याहून. कळेल. माझी आई अजून ब्लाउज बेतते.