रॅलेला ‘अरे-तुरे’ करणाऱ्या एडवर्ड कोकने आपली चूक कधी मान्य केली का?

उलटतपासणी: बावीस वर्षं फौजदारी खटल्यांत आरोपीच्या बाजूने उभा राहतोय. साक्षीदार समोरच नसेल तर उलटतपासणी घ्यायची कुणाची? म्हणून इंग्लंडचा दर्यावर्दी आणि दरबारी सर वॉल्टर रॅले याच्या १६०३ च्या खटल्याचा वृत्तांत वाचून झोप उडाली. लंडनमध्ये प्लेग, त्यामुळे खटला विंचेस्टरला चालला. आरोप राजद्रोहाचा, आणि मुख्य आधार कटातला साथीदार म्हटल्या गेलेल्या लॉर्ड कोबमचा लेखी जबाब. रॅले पुन्हापुन्हा विनवतो की कोबमला समोर आणा, माझ्या तोंडावर बोलू द्या. आणत नाहीत. अ‍ॅटर्नी जनरल (राजाचा सरकारी वकील) एडवर्ड कोक त्याला विषारी साप म्हणतो आणि ठरवून ‘दाउ’वर (thou, म्हणजे ‘तू’) येतो. तेव्हाच्या इंग्रजीत ते आपल्या अरे-तुरेसारखंच, भर न्यायालयात केलेला अपमान.

हाच कोक १६२८ मध्ये, कारण न सांगता कुणाला तुरुंगात टाकू नये म्हणून राजाशी भांडतो. मला त्याच्याबद्दल आदर आहे, पण विंचेस्टर विसरता येत नाही. त्याने कधी कबुली दिली का?

जुनी_पानं: आधी त्याच्या बाजूने एक प्रसंग सांगते. १६१६ साली, कोक मुख्य न्यायाधीश असताना, एका खटल्यात जेम्स राजाने हुकूम पाठवला की माझ्याशी बोलल्याशिवाय सुनावणी करू नका. न्यायाधीशांनी ऐकलं नाही, तेव्हा बाराही जणांना बोलावून घेतलं. सगळे गुडघ्यांवर बसले. पुढे असा हुकूम आला तर थांबाल का, असं विचारल्यावर अकरा जण हो म्हणाले. कोक म्हणाला, न्यायाधीशाला जे शोभेल ते मी करीन. त्याच नोव्हेंबरात त्याला पदावरून काढलं.

पण अ‍ॅटर्नी जनरल असताना कैद्यांचा छळ करून चौकशी करण्याच्या आदेशांत त्याचंही नाव होतं, हे तुमच्या यादीत घाला.

दीपमाळ: मला तर मुलीचं प्रकरण जास्त टोचतं. पद गेल्यावर राजाची मर्जी परत मिळावी म्हणून त्याने फ्रान्सिसचं लग्न राजाच्या लाडक्या बकिंगहॅमच्या भावाशी ठरवलं. आईने मुलीला लपवलं, तर हा माणसं घेऊन गेला आणि दारं फोडून तिला घेऊन आला. १६१७ साली लग्न लागलं तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. कायद्याचा एवढा मोठा जाणकार, आणि घरात हे!

टाचणवही: उलटतपासणी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘हो’ आहे. १६२८ च्या पार्लमेंटात सरकारी बाजूने त्याचंच जुनं मत त्याच्यापुढे टाकलं: न्यायाधीश असताना तुम्हीच म्हणाला होतात की प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) अटक केली तर कारण द्यावं लागत नाही. कोकने नाकारलं नाही. ज्या ग्रंथावर विसंबलो त्याने मला चुकवलं, नंतर जुनी दप्तरं पाहिली आणि मत बदललं, असं त्याने सभागृहात सांगितलं. वय शहात्तर. त्याच जूनमध्ये, राजा ऐकत नाही म्हणून बोलायला उठला तेव्हा रडू आवरेना, खाली बसावं लागलं.

रॅलेबद्दल अशी उघड कबुली माझ्या वाचनात नाही. मात्र कोकच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या कायद्याच्या ग्रंथाचा तिसरा भाग उघडा. राजद्रोहाला दोन साक्षीदार हवेत असं रॅले विंचेस्टरला म्हणत होता, आणि तो कायदा आता लागू नाही असं न्यायाधीशांनी त्याला ऐकवलं होतं. कोक त्या ग्रंथात लिहितो की दोन साक्षीदार हवेतच. छळाला या देशात कायद्याचा आधार नाही, हेही तिथेच आहे. ज्याने ते आदेश राबवले त्याच्याच हातचं. मी याला कबुलीच म्हणेन, नाव न घेता केलेली.

उलटतपासणी: टाचणवही, मनापासून आभार. तिसरा भाग आज काढून वाचला. दोन साक्षीदारांचा मजकूर दोनदा वाचला, रॅलेचं नाव शोधत.

तारखाही लावून पाहिल्या. सप्टेंबर १६३४ मध्ये कोक स्टोक पोजेसला आपल्या घरी मरणाच्या दारात असताना राजाच्या माणसांनी त्याचे कागद जप्त केले. पार्लमेंटने ते सोडवून हा भाग छापला १६४४ साली. रॅलेचा शिरच्छेद, त्याच १६०३ च्या शिक्षेवर, ऑक्टोबर १६१८ चा. मधे सव्वीस वर्षं.