रे: स्टेशन कुठे, गाव कुठे

वर कोणीतरी म्हणालंय की कॅनडाच्या प्रेअरीतली (म्हणजे गवताळ मैदानांतली) रेल्वेची गावं पाणी बघून वसली, पण तिथल्याच रेजायना शहराचं उदाहरण बघा, १८८२ मध्ये तिथे होता एक बारीकसा ओढा, झाड औषधालाही नाही, आणि नॉर्थ-वेस्ट टेरिटरीज या तेव्हाच्या प्रांताच्या राजधानीसाठी ही जागा निवडली तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे राज्यपाल) ड्यूडनी साहेबांनी, ज्यांची स्वतःची जमीन अगदी शेजारीच होती (योगायोग हो, दुसरं काय!). पण कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीवालेही काही कमी नव्हते, त्यांना स्वतःचे प्लॉट विकायचे होते, म्हणून स्टेशन टाकलं साहेबांच्या जमिनीपासून दोनेक मैल पूर्वेला, मग दुकानं-हॉटेलं साहजिकच स्टेशनभोवती. १८८३ ला राजधानी बॅटलफर्ड गावाहून इथे आली आणि पाण्यासाठी ओढ्यावर बांध घालायची वेळ त्याच वर्षी आली.