डॅशकॅम असला की न्याय संहितेच्या कलम २८१ मधून (बेदरकार ड्रायव्हिंग) सुटका होते, हे कुणी सांगितलं?

घाटरस्ता: काल इथे एकाने लिहिलं, 'डॅशकॅम लावा आणि निर्धास्त राहा. बेदरकार ड्रायव्हिंगचा गुन्हा लागलाच तर चौकीत फूटेज दाखवायचं, विषय संपला.' डोकं सणकलं वाचून. असल्या सल्ल्यांवर विसंबून लोक अडकतात. गुन्हा दाखल झाल्यावर फूटेज हवालदाराला नाही, कोर्टाला पटावं लागतं. व्हॉट्सॲपवर फिरवलेली क्लिप तर विसराच. तिथे फाईल दाबून लहान होते आणि हॅश, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, बदलतो. डिजिटल पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात तोच हॅश लिहावा लागतो, वर तज्ज्ञाची सहीही लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली हे प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्याच खोतकर-गोरंट्याल खटल्यात सांगितलंय.

तारीख_पे_तारीख: अर्धंच सांगताय. त्याच निकालात आहे की मूळ यंत्र कोर्टात आणलं आणि मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. मी वकिली करतो, लोकांना उगाच घाबरवू नका.

घाटरस्ता: बरं, मान्य. पण मूळ कार्ड टिकतं कुठे? लूप रेकॉर्डिंग चालू असतं. अपघातानंतर गाडी चालवत घरी आणली की जुन्यावर नवं चढतं.

पिवळी_पाटी: तुम्ही दोघं कायदा घोळा. माझ्या टेम्पोवर राँग साइडने आलेली दुचाकी आदळली. जमाव जमला आणि ड्रायव्हरच्या कानाखाली आवाज काढूनच बोलायला लागला. का? टेम्पो मोठा म्हणून! जीपीएसच्या नोंदीत वेग ४२ होता. ट्रॅकर पुरवणाऱ्याने एक्सेलचा कागद छापून दिला, ना सही ना शिक्का. सरकारी वकील म्हणाले, हा कुणीही टाइप करेल.

बुलेटवाला: आलं पुन्हा 'दुचाकीवालेच चुकतात'! टेम्पोवाले इंडिकेटर न देता वळतात त्याचं काय? माझ्या भावाचा पाय त्यातच गेला. ४२ हा वेग बाजारपेठेतला की हायवेवरचा, ते आधी सांगा.

पिवळी_पाटी: भावाचं वाईट वाटतं, पण राँग साइडने कोण आलं होतं? माझा ड्रायव्हर? मोठ्या गाडीचा दोष आधी ठरतो, चौकशी नंतर होते. कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा.

बुलेटवाला: आणि मेलेल्याची बाजू कोण मांडणार? तुमच्या ड्रायव्हरकडे कॅमेरा, जीपीएस, वकील. रस्त्यावर पडलेल्याकडे काय असतं?

तारीख_पे_तारीख: भांडण बाहेर करा. वेगाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. कर्नाटक विरुद्ध सतीश, १९९८: नुसता 'भरधाव' म्हटल्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणतं. म्हणजे ४२ चा आकडा एकटा कामाचा नाही आणि १०० चाही नाही. रस्ता, गर्दी, ब्रेक कधी लागला, सगळं मिळून बघतात.

घाटरस्ता: आणि आकडा उलटतो त्याचं काय? २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या अपघातग्रस्त गाडीचा डेटा कार कंपनीने पोलिसांना दिला. धडकेच्या ५ सेकंद आधी वेग १०० होता, हे त्यातूनच बाहेर आलं. आपल्या बाजूचं तेवढं ठेवून बाकीचं पुसता येत नाही. पुसलं तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा.

पिवळी_पाटी: मग लावायचा कशाला कॅमेरा?

बुलेटवाला: खरं काय झालं ते कळावं म्हणून. त्यात राँग साइड दिसत असेल तर मीसुद्धा मान्य करेन. पण संपूर्ण फूटेज दाखवा. फक्त शेवटचे १० सेकंद नकोत.

तारीख_पे_तारीख: टेम्पोवाले, ट्रॅकरचा मूळ डेटा सर्व्हरवर अजून आहे का, ते आजच विचारा. किती दिवस ठेवतात ते प्रत्येकाचं वेगळं असतं. तो जपून ठेवा असं पुरवठादाराला लेखी कळवा, पोच घ्या. कोर्टातून मागवण्यासाठी तुमच्या वकिलांना अर्ज करायला लावा, प्रमाणपत्र सर्व्हर सांभाळणाऱ्याचं हवं. पुढची तारीख कधी आहे?

पिवळी_पाटी: सोमवारी. आत्ताच फोन लावतो.